नवीन रुग्ण मदतनीसांचे पहिल्या आठवड्याचे प्रशिक्षण कसे आखावे?

मांजराकाठ (लातूर जिल्हा)

नमस्कार. मी एका धर्मादाय रुग्णालयाच्या प्रशासन विभागात काम करतो. दिवाळीनंतर आमच्याकडे रुग्ण मदतनीसांची नवी तुकडी रुजू होत आहे. तीत वॉर्डबॉय आहेत, आया आहेत, आणि चौकशी खिडकीवर बसणारेही काही जण आहेत. बहुतेकांचे शिक्षण दहावी-बारावीपर्यंत झालेले असून रुग्णालयात काम करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ आहे. आजवर पहिल्या दिवशी सभागृहात विभागप्रमुखांची भाषणे, संध्याकाळी हजेरीपत्रकावर सह्या आणि दुसऱ्या दिवसापासून थेट वॉर्ड, असाच आमचा शिरस्ता राहिला आहे. तपासणीच्या वेळी दाखवायला ती फाईल उपयोगी पडते. पण वापरलेली युरिन बॅग कोणत्या पिशवीत टाकायची असे त्याच माणसाला महिन्याभराने विचारले, तर तो सिस्टरच्या तोंडाकडे पाहतो.

या वेळी व्यवस्थापनाने आठवडा देण्याचे मान्य केले आहे. मात्र इन्चार्ज सिस्टरांचे म्हणणे असे, की माणसे आधीच कमी आहेत, त्यांना आठवडाभर वर्गात बसवू नका. आणि माणसे पुरवणारा कंत्राटदार विचारतो, की माझ्या माणसांच्या प्रशिक्षणाचे पैसे कोण देणार. अशा परिस्थितीत आधी काय शिकवावे आणि काय पुढे ढकलावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

ज्येष्ठ परिचारिका (छत्रपती संभाजीनगर)

माझे मत असे, की पहिल्या दिवशी काय करायचे हे सांगण्याआधी काय करायचे नाही ते सांगावे. सलाईनचे चाक फिरवायचे नाही, ऑक्सिजन कमी-जास्त करायचा नाही, रिपोर्टमध्ये काय आले ते नातेवाइकांना सांगायचे नाही, आणि शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेल्या रुग्णाला पाणी द्यायचे नाही. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात रुग्णाची आई पदराने वारा घालत बसलेली असते, ‘मामा, लेकराचा घसा कोरडा पडलाय, घोटभर तरी पाणी द्या’ असे म्हणते, आणि नवा मुलगा माणुसकीपोटी ग्लास पुढे करतो. भूल दिल्यावर पोटातले उलटून फुप्फुसात गेले तर जिवावर बेतू शकते, हे कारण त्याला समजावून सांगितलेले असेल तर तो आईलाही तेच सांगू शकतो. ‘साहेबांनी मनाई केली आहे’ एवढेच माहीत असेल तर तो दुसऱ्या विनवणीला विरघळतो.

दुसरी गोष्ट ट्रॉलीची. ती फळ्यावर आकृती काढून शिकवू नये. प्रत्येक नव्या मदतनीसाला ट्रॉलीवर आडवे झोपवावे आणि दुसऱ्याने त्याला कॅज्युअल्टीपासून एक्स-रेपर्यंत न्यावे. लिफ्टच्या फटीत चाक आदळते तेव्हा पोटाला टाके असलेल्या बाईचे काय होत असेल, हे त्याला तिथे न सांगता कळते. दोन्ही बाजूंचे कठडे वर, रुग्णाचे पाय पुढे आणि ढकलणारा डोक्याकडे, उतारावर डोक्याची बाजू वरच्या अंगाला, आणि खाटेवर घेण्यापूर्वी ब्रेक लावलेला, एवढे हाताच्या सवयीचे व्हायला हवे. युरिन बॅग मूत्राशयाच्या पातळीपेक्षा खाली राहिली पाहिजे, पण फरशीला टेकता कामा नये. नातेवाईक हौसेने ती रुग्णाच्या पोटावर ठेवतात. ऑक्सिजन सिलिंडर सोबत असेल तर गेजचा काटा वॉर्डातून निघण्यापूर्वी पाहायचा, वाटेत नव्हे.

रुग्णाची ओळख पटवताना ‘तुम्ही जाधवबाई ना?’ असे विचारू नये, कारण ऐकू कमी येणारी किंवा गुंगीत असलेली बाई कशालाही ‘हो’ म्हणते. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असे विचारून ते नाव आणि आयपीडी (दाखल रुग्णाचा) नंबर हातपट्टीशी जुळवून पाहावा. खाटेचा नंबर ही ओळख नव्हे, कारण दुपारी खाट बदललेली असते.

संसर्ग नियंत्रण विभाग (नांदेड)

कंत्राटदाराच्या प्रश्नाचे उत्तर नियमातच आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या सर्वांना रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लसही द्यावीच लागते. पगार कोणाच्या खात्यातून निघतो याच्याशी त्याचा संबंध नाही.

पिशव्यांचे रंग पाठ करून घेण्यापेक्षा न वापरलेल्या वस्तूंचा ढीग टेबलावर ओतावा आणि एकेक उचलून टाकायला सांगावी. सलाईनची नळी, युरिन बॅग, हातमोजे लाल पिशवीत. रक्ताने भिजलेला कापूस आणि पट्टी पिवळीत. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. इंजेक्शनच्या काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात. घोळ बहुतेक वेळा सिरिंजवर होतो. सुई वेगळी करून पांढऱ्या डब्यात, उरलेला प्लास्टिकचा भाग लाल पिशवीत.

सुई टोचली तर जागा पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच कळवायचे. एचआयव्हीप्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, त्यामुळे ‘उद्या सांगू’ म्हणून भागत नाही. रात्री कोणाला फोन करायचा तो नंबर ओळखपत्राच्या मागे चिकटवून द्यावा. टोचल्याबद्दल ओरडा बसणार असेल तर माणसे ते लपवतात, हेही व्यवस्थापनाने ध्यानात ठेवावे.

समाजसेवा विभाग (बीड जिल्हा)

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, परंतु दोन्ही वॉर्डातून लिहिलेले आहेत. आमच्या भागातला रुग्ण गोंधळतो तो फाटकावर. पावसाळ्यात सर्पदंशाचा रुग्ण मोटारसायकलवर मध्ये बसवून आणतात. त्याला चालवत केसपेपरच्या रांगेत न्यायचे नाही, ट्रॉली फाटकापर्यंत न्यायची, आणि पायाला करकचून बांधलेली दोरी स्वतः सोडायची नाही, डॉक्टरांना दाखवायची. फवारणीच्या औषधाची विषबाधा असेल तर त्याचे कपडे हातमोजे घालूनच काढायचे, पिशवीत बांधून ठेवायचे, आणि नातेवाइकांनी औषधाची बाटली आणली असेल तर ती फेकून न देता डॉक्टरांकडे द्यायची.

चौकशी खिडकीवर बसणाऱ्यांना मोफत उपचारांच्या सरकारी योजनांची नियमावली शिकवण्यात वेळ घालवू नका. अजूनही लोक ‘हे जीवनदायीत बसतं का?’ असेच विचारतात, कारण २०१२ साली ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली होती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव तिला २०१७ साली मिळाले. खिडकीवरच्या माणसाने ‘बसतं’ किंवा ‘बसत नाही’ असे काहीच म्हणू नये. नातेवाइकांनी पैसे भरण्यापूर्वी त्यांना आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या, टेबलापर्यंत नेऊन सोडावे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे रेशनकार्ड गावातल्या कुलूपबंद घरात असते, म्हणून ‘कागद नाहीत तर परत या’ हे वाक्य कोणत्याही मदतनीसाच्या तोंडी येता कामा नये. तुमचे रुग्णालय धर्मादाय आहे, तेव्हा १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, एवढे तरी प्रत्येकाला माहीत असावे. पुढचे समाजसेवक पाहतील.

आणखी एक सुचवतो. तुमच्या तुकडीत गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी एखादी आया असेल तर तिचे नाव ड्युटीच्या तक्त्यावर ठळक लिहा. तांड्यावरच्या आजीला कुठे दुखते ते डॉक्टरांना तिच्यामुळे निम्म्या वेळात कळते.

निवृत्त मुकादम (परभणी)

नव्या माणसाला जुन्याच्या हाताखाली देताना जुना कोण आहे ते पाहून द्या. बाळंतिणीच्या खोलीबाहेर ‘मुलगा झाला, पेढे-पाण्याचं काय?’ म्हणून हात पुढे करणाऱ्याच्या हाताखाली नवी मुलगी कामाला दिली, तर ती आठवड्यात तेच शिकेल. बक्षिशीचा विषय पहिल्याच दिवशी, सर्वांसमोर, स्पष्ट शब्दांत काढावा.

आगीचा सराव पुढे ढकलू नका. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर नवजात कक्षाला आग लागून १० बालके गेली. आग विझवण्याच्या सिलिंडरची पिन प्रत्येकाने एकदा स्वतः ओढून पाहिली पाहिजे, आणि आपल्या मजल्याचा दुसरा जिना कोणत्या दारातून निघतो ते चालत जाऊन पाहिले पाहिजे. ते दार कुलूपबंद आढळले तर त्याच दिवशी व्यवस्थापनाला लेखी कळवा.

मांजराकाठ (लातूर जिल्हा)

सर्वांचे आभार. इन्चार्ज सिस्टरांशी बोलून असे ठरते आहे, की सकाळी वॉर्डात निवडक जुन्या माणसासोबत आणि दुपारी दोन तास सराव. ‘करायचे नाही’चा भाग, लस आणि आगीचा सराव पहिल्या दोन दिवसांत होईल. एक शंका राहते. रात्रपाळी कधी लावावी?

ज्येष्ठ परिचारिका (छत्रपती संभाजीनगर)

ट्रॉली, ओळख पटवणे, कचरा आणि सुई टोचल्यावरची कारवाई, या चारही गोष्टी नव्या मदतनीसाने सिस्टरसमोर करून दाखवल्याशिवाय लावू नये. हजेरीच्या सहीऐवजी त्या चार कामांपुढे सिस्टरची सही घ्या. तपासणीलाही तोच कागद चालेल.