बास दबला म्हणून अल्बम तळाला?

मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या पहिल्या पाच अल्बमांच्या एका क्रमवारीत १९८८ चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ केवळ बास गिटार ऐकू येत नाही म्हणून शेवटच्या स्थानी ढकलला आहे, हे मला पटत नाही. आक्षेप खोटा नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी तो प्रथम कॅसेटवर ऐकला, तेव्हा टेपरेकॉर्डरचेच काहीतरी बिघडले असावे असे वाटून मी कापसाच्या बोळ्याने हेड पुसले होते. दोष मिक्सिंगचा, म्हणजे वाद्यांचे आवाज एकत्र जुळवण्याचा, आहे, हे बऱ्याच उशिरा कळले. १९८६ मध्ये स्वीडनमधील बस अपघातात बँडचा बासवादक क्लिफ बर्टन गेल्यावर त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचे वादन त्यात जवळजवळ पुसले गेले आहे, आणि ते अन्यायकारकच आहे (नावातच ‘जस्टिस’ असावे, हा विनोद निराळा).

परंतु क्रम रचनेवरून लावायचा, तर याच अल्बममधले ‘वन’ हे गाणे पुन्हा ऐकावे: संथ, जवळजवळ हळव्या गिटारपासून सुरू होऊन शेवटी दुहेरी बास ड्रमच्या बंदुकीसारख्या माऱ्यापर्यंत ते ज्या सावकाशीने चढत जाते, ती सावकाशी १९९१ च्या ‘मेटॅलिका’मध्ये (काळ्या मुखपृष्ठामुळे ज्याला काळा अल्बम म्हणतात) फारशी उरलेली नाही. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ पहिला, यावर वाद नाही. दुसऱ्या स्थानासाठी ‘राइड द लायटनिंग’ आणि ‘जस्टिस’ यांत माझे मत निसटत्या फरकाने ‘जस्टिस’ला, काळा अल्बम चौथा, आणि ‘किल एम ऑल’ पाचवा, कारण त्यात जोम भरपूर असला तरी हात अजून बसलेला नाही.