‘मेक अप’ : रंगरंगोटीच्या पलीकडे

मेकअप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पावडर, लिपस्टिक आणि लग्नाच्या हॉलमधली वधूपक्षाची बंद खोली येते. नाम म्हणून हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की आपण ‘मेकअप करणे’ म्हणतो. म्हणजे ‘मेक’ आधीच आलेला असताना वर आणखी एक ‘करणे’. इंग्रजीत मात्र ‘मेक अप’ हे क्रियापद भांडण मिटवतं, थाप मारतं, बुडालेला तास भरून घेतं, पाहुण्यासाठी अंथरूण घालतं, दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधतं आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत पानही लावतं. कोशात एका शब्दाखाली एवढे अर्थ दिसले की पाठ करण्याशिवाय इलाज नाही असं वाटायला लागतं.

माझ्या मते बहुतेक अर्थांच्या मुळाशी एकच कल्पना आहे : अपुरं ते पुरं करणं. इथला ‘अप’ म्हणजे वर नव्हे. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’ यांतला हा ‘अप’ काम तडीस गेल्याचं सांगतो. मराठीत तेच काम दुसरं क्रियापद करतं : खाऊन टाक, पिऊन टाक, भरून काढ. म्हणून ‘मेक अप फॉर’ला सगळ्यात जवळचा शब्द शोधायला लांब जावं लागत नाही. भरून काढणे. उशिरा सुटलेली एक्स्प्रेस पुढे वेळ भरून काढते (प्रवासी मात्र ‘गाडीने टाइम कव्हर केला’ म्हणतात, म्हणजे एका इंग्रजी शब्दाच्या जागी दुसरा इंग्रजीच). पहिल्या डावातली पिछाडी दुसऱ्या डावात भरून निघते. सरकारी मराठीत याचा थोरला भाऊ म्हणजे ‘अनुशेष’. १९८४ साली दांडेकर समितीचा प्रादेशिक असमतोलावरचा अहवाल आल्यापासून ‘विदर्भाचा अनुशेष भरून काढणे’ हा शब्दप्रयोग राज्याच्या राजकारणातून कधी गेलाच नाही. ‘उट्टे काढणे’ मात्र इथे चालणार नाही. तीही एक प्रकारची भरपाईच, पण तिच्यात सूड आहे.

‘आय विल मेक इट अप टू यू’ याचं भाषांतर करताना ‘मी याची भरपाई करीन’ असं लिहिलेलं अनेकदा दिसतं. बायकोचा वाढदिवस विसरलेला नवरा असं बोलला तर तो विमा कंपनीचा माणूस वाटेल. तो म्हणेल, ‘चुकलं माझं, रविवारी नक्की जाऊ.’ नेमका शब्द सापडत नसेल तर तो माणूस मराठीत काय बोलला असता ते लिहावं.

संख्या पुरी करण्याच्या अर्थाला मराठीत एक फर्मास शब्द आहे. एखादा संघ स्पर्धेत ‘जस्ट टू मेक अप द नंबर्स’ आला असेल, तर ती खोगीरभरती. घोड्याच्या खोगिरात चिंध्या-चोथे कोंबतात, त्यावरून हा शब्द आला. त्यातला तुच्छतेचा सूर मूळ इंग्रजीतही आहे, त्यामुळे जोड अगदी बरोबर बसते. सभेला माणसं कमी पडली म्हणून कुणाला बोलावून घेतलं तर मात्र ती ‘गणपूर्ती’. तिथे खोगीरभरती म्हटलं तर आलेला माणूस उठून जाईल.

‘मेड-अप स्टोरी’कडे वळलं की मराठीचं कपाटच उघडतं. कपोलकल्पित, रचलेली, बनावट, मनची. क्रियापदं पाहा : थाप मारणे, पुड्या सोडणे, बाता मारणे, लोणकढी ठोकणे, बनाव रचणे. यांत फरक आहेत आणि ते सांभाळले पाहिजेत. शाळा बुडवणारा मुलगा थाप मारतो. चारचौघांत भाव खाणारा पुड्या सोडतो. अपहरणाचं खोटं नाटक करणारा बनाव रचतो, आणि ते पोलिसी बातमीतच शोभतं. खऱ्या गोष्टीत थोडं आपलं मिसळलं तर ते ‘पदरचं घालून सांगणे’. इथेही मुळात भर घालणंच आहे. लेखकाने कथा रचली तर ती थाप नव्हे, आणि इंग्रजी ‘मेक अप’ दोघांनाही चालतं. आजी झोपताना मुलांना ऐनवेळी सुचलेली गोष्ट सांगते, तीही ‘मेड अप’. मराठीत तिथे ‘मनाने रचून सांगितली’ एवढंच पुरे. ‘गोष्ट बनवली’ नको. ‘मला बनवू नकोस’ म्हणजे फसवू नकोस, हे मराठी माणसाला सांगायला नको.

भांडण मिटण्याच्या बाबतीत कोण भांडलं हे आधी विचारावं. मालक आणि कामगार असतील तर समेट. नवरा-बायको असतील तर अबोला सुटला. दोन भाऊ असतील तर दिलजमाई. शाळकरी मुलं असतील तर कट्टी सुटून बट्टी. दोन पुढारी असतील तर बातमीत ‘मनोमिलन’, आणि ते निवडणुकीपर्यंत टिकेलच असं नाही.

‘मेक अप युवर माइंड’ने मात्र मराठीचं नुकसान केलं आहे, तेही हिंदीच्या वाटेने. ‘त्यांनी पक्ष सोडण्याचं मन बनवलं आहे’ ही आता वर्तमानपत्रातली नेहमीची ओळ झाली. मन बनवत नाहीत. मनाशी ठरवतात, पक्कं करतात, निश्चय करतात. फार वेळ घोळ घालणाऱ्याला आपण ‘काय ते एकदा ठरव’ म्हणतो. तसंच ‘मेड अप ऑफ’चं : ‘समिती दहा सदस्यांची बनलेली आहे’. सरळ ‘समितीत दहा सदस्य आहेत’ म्हणावं. पाठ्यपुस्तकात पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं बनलेलं असतं तेवढं असू द्यावं.

नामाकडे परत येऊ. नाटक-सिनेमाच्या श्रेयनामावलीत ‘रंगभूषा’ असते, पण सेटवर हाक ‘मेकअप दादा’ अशीच पडते. हिंदी सिनेमातले नामांकित रंगभूषाकार पंढरी जुकर हेही सगळ्यांचे पंढरीदादाच होते. कोकणातला दशावतारी नट आपलं तोंड आपणच रंगवतो. घरच्या बाईने आवरलं की तो नट्टापट्टा, आणि तो शब्द बहुधा चिडवायलाच वापरतात. तिथे ‘रंगभूषा’ म्हणणं हास्यास्पद होईल. दुसरं नाम स्वभावाबद्दलचं : ‘इट्स नॉट इन हिज मेक-अप’. याला ‘त्याचा तो पिंडच नाही’ यापेक्षा चांगलं मराठी मला सुचलेलं नाही.

‘मेक अप टू’ हा जुना ब्रिटिश प्रयोग आता क्वचित दिसतो. पण साहेबांच्या पुढेपुढे करणं हा त्याचा अर्थ कोणत्याही कचेरीत समजेल. बोलताना एक लक्षात ठेवावं : नामात जोर ‘मेक’वर, क्रियापदात ‘अप’वर. सर्वनाम मध्ये येतं, ‘मेक इट अप’. ‘मेक अप इट’ म्हणत नाहीत. पण ‘फॉर’ आला की ते शेवटी जातं, ‘मेक अप फॉर इट’.