आधी कुठले फलक उतरवायचे?

रस्त्यावरचे सगळेच फलक काढले की चालक आपोआप सावध होतील, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. नेदरलँड्समधल्या द्राख्तेन शहरात वाहतूक अभियंता हान्स मोंडरमन यांनी ते करून दाखवलं खरं, पण तिथे नुसते फलक काढले नाहीत, चौकाची रचनाच बदलली.

पणजीत भाड्याची स्कूटर घेऊन फिरणाऱ्या पर्यटकाला '१८ जून' नावाचा रस्ता एकेरी आहे हे कसं कळणार? 'प्रवेश बंद'चा फलक हवाच, आणि तो वळायच्या आधी दिसायला हवा. आज तो शुभेच्छांच्या बॅनरमागे, नाटकाच्या जाहिरातीमागे दडतो. पावसाळ्यात फांद्या वाढल्या की उरलासुरलाही दिसत नाही. (फांद्या छाटणं तर अगदी स्वस्तातलं काम.)

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ११६ बघा. वाहतूक चिन्ह झाकणारी किंवा चालकाचं लक्ष विचलित करणारी जाहिरात हटवण्याचा अधिकार राज्य सरकार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला देऊ शकतं. सुरुवात तिथून करा. मग गंजलेले रिकामे खांब आणि एकच सूचना पुन्हा पुन्हा सांगणारे फलक काढा. शाळेजवळच्या त्रिकोणी इशाऱ्यांना मात्र कुणी हात लावू नये.