'होल लाइफ कार्बन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (म्हापसा): नव्या बांधकामांबद्दल ग्रामसभेपुढे ठेवायला मराठीत टिपण करतोय. 'होल लाइफ कार्बन' (इमारतीच्या सगळ्या टप्प्यांत मिळून हवेत जाणारा कार्बन) आणि 'एम्बॉडीड कार्बन' (त्यातला वापरातली वीज सोडून साहित्य, बांधकाम, डागडुजी, पाडकाम यांचा भाग) या दोन शब्दांवर गाडी अडली आहे. 'आजन्म कार्बन' आणि 'अंगभूत कार्बन' चालतील का?

उत्तर (फोंडा): दोन्ही नकोत. 'आजन्म' म्हणजे जन्मापासून पुढे. इथे हिशेब इमारत उभी राहण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. सिमेंटसाठी चुनखडी भाजली की त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळाच. पुढे वाहतूक, बांधकाम, वापरातली वीज, दर काही पावसाळ्यांनी रंग आणि वॉटरप्रूफिंग, शेवटी पाडकाम आणि राडारोडा. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: साद्यंत. 'साद्यंत हकीकत' म्हणतो, तसा 'कार्बनचा साद्यंत हिशेब'.

'अंगभूत' तर उलटा अर्थ देतो. सिमेंट-पोलादाचा कार्बन त्यांच्या अंगात नसतो, तो केव्हाच हवेत गेलेला असतो. अंगात असतो तो लाकडाच्या! मी 'मालमसाल्याचा कार्बन' म्हणेन, आणि विजेचा तो 'वापरातला कार्बन'. गवंड्यापासून सरपंचापर्यंत कोणालाही कळेल.

आणखी एक (डिचोली): 'मालमसाल्याचा' आवडला, पण एक फरक सांभाळा. इंग्लंडमधल्या बाथ आणि ईशान्य सॉमरसेटच्या स्थानिक आराखड्यात २०२३ पासून किमान ५० घरांच्या नव्या प्रकल्पांना चौरस मीटरला ९०० किलो कार्बन डायऑक्साइडची मर्यादा आहे. ती फक्त बांधकाम पुरं होईपर्यंतची. तेवढ्या कार्बनला 'बांधणीचा कार्बन' म्हणा. डागडुजी आणि पाडकाम मालमसाल्याच्या कार्बनमध्ये येतात, बांधणीच्या नाही. लंडनच्या २०२१ च्या आराखड्यात महापौरांकडे जाणाऱ्या मोठ्या प्रकल्पांना साद्यंत हिशेब द्यावा लागतो, आणि आधीची इमारत राखता येते का हेही तपासावं लागतं.

आपल्याला तेच हवंय. इथे गोव्यात नकाशा मंजूर होताना एफएआर (जागेच्या मानाने किती बांधायचं ते प्रमाण), सेटबॅक (हद्दीपासून सोडायची जागा), उंची बघतात. मालमसाल्याच्या कार्बनला रकानाच नाही. जुन्या घरांचा चिरा (जांभा दगड) खाणीतून कापून काढतात, भाजत नाहीत. जुन्या भिंतीतला चिरा नीट सोडवला तर दुसऱ्या भिंतीत बसतो. असं घर पाडून काँक्रीटचे फ्लॅट उभे राहतात आणि छपरावर सोलर आलं की बिल्डर 'ग्रीन' म्हणून जाहिरात करतो. सोलरने वापरातला कार्बन घटतो. काँक्रीटचा आधीच होऊन गेलेला असतो. हे लोकांपुढे स्पष्ट मांडायलाच हवं.

प्रश्नकर्ता: मग ठरावात असं लिहितो: 'जुनं घर पाडण्याचा परवाना देण्याआधी कार्बनचा साद्यंत हिशेब मागावा.'

फोंडा: 'दोन्ही पर्यायांचा' हे शब्द घाला. दुरुस्त करून राखण्याचा आणि पाडून नवं बांधण्याचा. नाहीतर फक्त नव्या इमारतीचा कागद जोडून मोकळे होतील.