बारावी कला, ७१ टक्के: केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती की महाडीबीटी?

दारव्हा_पालक
पुतणी बारावी कला शाखेतून ७१ टक्क्यांनी पास झाली. अमरावती विद्यापीठाच्या अनुदानित कॉलेजात बी.ए.ला प्रवेश घेते आहे. आम्ही ओबीसी, साडेतीन एकर कोरडवाहू. कॉलेजवाले म्हणतात महाडीबीटी, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती-फी-माफीच्या पोर्टलवरचा फॉर्म, भरा. ऑनलाइन फॉर्मवाला म्हणतो केंद्राच्या शिष्यवृत्तीला ८० टक्के लागतात, तुमचं बसत नाही. दोन्ही भरता येतात का? कागद कोणते काढून ठेवू?

खिडकी_नंबर_२
भाऊ, ८० टक्के नाही, ८० पर्सेंटाइल. राज्य मंडळातून कला शाखेत जितके पास झाले, त्यातल्या वरच्या २० टक्क्यांत नाव पाहिजे. प्रत्येक शाखेचा कट-ऑफ वेगळा असतो, त्यामुळे ७१ वर अर्ज सोडू नका. तरी हमी नाही. देशभरात वर्षाला ८२,००० शिष्यवृत्त्या, राज्याच्या वाट्यात विज्ञान, वाणिज्य, कला असे ३:२:१. कलेला सगळ्यात कमी, पण निम्म्या मुलींसाठी.

पदवीची तीन वर्षं वर्षाला १२,००० रुपये, एम.ए.ला २०,०००. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. मुक्त विद्यापीठातून बाहेरून शिकणाऱ्यांना नाही.

दोन्ही घेता येत नाहीत. दुसरी शिष्यवृत्ती किंवा फी-माफी चालू असली की केंद्राची मिळत नाही. अनुदानित बी.ए.ची फीच किती असते? तिथं १२,००० कधीही भारी. इंजिनिअरिंग किंवा खासगी कॉलेजातली बी.एस्सी. कृषी असती तर उलट सांगितलं असतं, तिथं फी-माफीच मोठी. महाडीबीटीची शेवटची तारीख मात्र डोळ्यासमोर ठेवा, कट-ऑफमध्ये बसत नसेल तर तीच कामाची.

फॉर्म_तपासणारा
वरचं बरोबर आहे. आता फॉर्म कुठं अडतो ते.

नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आधी ओटीआर (एकदाच करायची नोंदणी) काढावा लागतो: आधारचा ओटीपी, मग मोबाइलवर चेहरा पडताळणी. पंधरा वर्षांनंतरचं बायोमेट्रिक अपडेट राहिलं असेल तर चेहरा जुळत नाही, आधी आधार केंद्रावर जा. मोबाइल नंबर घरचाच द्या. दुकानदार सोयीसाठी स्वतःचा टाकतो, आणि फॉर्म दुरुस्तीला परत आल्याचा मेसेज त्याच्याच फोनवर पडून राहतो.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, तलाठ्याचा अहवाल चालत नाही. तो अहवाल, रेशनकार्ड, सातबारा आणि स्वयंघोषणापत्र घेऊन सेतूत आत्ताच टाका. पंधरा दिवस धरून चाला, प्रवेशाच्या दिवसांत गर्दी असते.

गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एवढ्यानं सहसा अडत नाही. पण एकीकडं वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडं नुसतं अक्षर असेल तर आधार दुरुस्त करून घ्या.

फॉर्म सबमिट झाला म्हणजे संपलं नाही. प्रिंट आणि झेरॉक्स कॉलेजच्या शिष्यवृत्ती बाबूकडं नेऊन द्या, त्यांच्या लॉगिनमधून पडताळणी झाली का ते पोर्टलवर पाहा. चांगल्या मार्कांचे फॉर्म इथंच मरतात. ‘डिफेक्टिव्ह’ दिसलं तर दुरुस्त करून परत पाठवता येतं, ‘रिजेक्ट’ झालं की गेलं.

आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा. ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. कापूस वेचणीत पोरींची हजेरी तुटते, तेवढं घरातल्यांनी सांभाळावं.

दारव्हा_पालक
आभारी आहे. तिचं एक खातं जिल्हा बँकेत, एक पोस्टाच्या पेमेंट बँकेत. पैसे कुठं येतील?

खिडकी_नंबर_२
ज्या खात्याला डीबीटीसाठी आधार सीडिंग आहे, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायला आधार जोडलेलं आहे, तिथं. केवायसीला आधार दिलं म्हणजे सीडिंग झालं असं नाही. एका वेळी एकच खातं सीड राहतं, शेवटी जिथं केलं ते. आधारच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा, बँकेचं नाव आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसलं पाहिजे. नंतर मोबाइल रिचार्जच्या दुकानात कुणी नवं खातं उघडून देतो म्हटलं तर अंगठा लावू नका, सीडिंग तिकडं सरकतं.