मदत हवी आहे: रंधा मारताना वर्कबेंच हलतंय

नवशिका_पुणे: नमस्कार. मशीनच्या खोक्यांची पाइनची लाकडं चाकणला किलोवर घेतली आणि त्यांचं सुतारकामाचं बेंच केलं. 5 फूट बाय 2 फूट, टॉप दीड इंची, सगळे मिळून 3200 रुपये. पण रंधा मारायला लागलं की हलतं. आणखी स्क्रू मारले, फेव्हिकॉल घातला, पायांखाली रबर ठेवलं, फरक शून्य. रविवारपर्यंत मुलीच्या शेल्फच्या फळ्या रंधून व्हायला हव्यात. लवकर सांगा.

गुण्या: पाय केवढे? खाली आडपट्ट्या आहेत का? सांधे कुसू काढून (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून) केलेत की नुसते स्क्रू? आणि हलतं ते लांबीत की रुंदीत?

सागवानप्रेमी: पाइन हलकं, हलणारच. भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन जुन्या वाड्याचं सागवान बघा. एकदाच खर्च होतो.

नवशिका_पुणे: सागवानाचं बजेट असतं तर खोकी कशाला फोडली असती?

गुण्या: वजन कमी म्हणून बेंच सरकतं. हलतं ते सांध्यांमुळे. ढिल्या सांध्यांचं सागवानही हलेल. माझं बेंच पाइनचंच आहे, 9 वर्षं झाली.

वाडीकर: आमचे आजोबा सावंतवाडीला जमिनीवर बसून, फळी पायाने दाबून रंधा मारायचे. आयुष्यभर टेबल लागलं नाही. पाटाला एक अडणी ठोका, फळी तिला टेकवा, काम सुरू.

नवशिका_पुणे: गुडघ्याचं ऑपरेशन झालंय दादा, खाली बसता येत नाही.

पॅकिंगलाइन: लाकडावरचा शिक्का बघितलात का? एचटी म्हणजे गाभा 56 अंशाला 30 मिनिटं तापवलेला. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. तसलं लाकूड मुलीच्या खोलीत नको.

सागवानप्रेमी: एचटी असलं तरी पुढे वाळवी लागतेच.

पॅकिंगलाइन: लागते, बरोबर. तापवल्याने आतली कीड मरते, पुढचं संरक्षण मिळत नाही. पण त्यांनी वाळवीचं विचारलेलंच नाही.

नवशिका_पुणे: शिक्का एचटीचा आहे. पाय 3 बाय 3. टॉपमधून सरळ पायांच्या डोक्यात 3 इंची स्क्रू. वर 2 इंची पट्ट्या आहेत, खाली काहीच नाही, तिथे भुशाचा ड्रम ठेवायचाय. लांबीत हलतं. बेंच गच्चीवर, पत्र्याखाली आहे.

गुण्या: हे आधी सांगायचं! पायाच्या डोक्यात स्क्रू रेषांच्या दिशेने जातो, तिथे पकड कमी. आणि 2 इंची पट्टीत दोन स्क्रू इतके जवळ बसतात की ती बिजागरीसारखी फिरते. टॉपखाली पुढे-मागे 6 इंच रुंदीची फळी उभी लावा. प्रत्येक पायाला 10 मिमीचे दोन बोल्ट आरपार, एक वर, एक खाली, एकमेकांपासून जेवढे लांब तेवढे बरे. मागच्या दोन पायांना 12 मिमी प्लायची पाठ मारा. ड्रम पुढून आत जाईल.

वाडीकर: बोल्ट कशाला? कुसू काढून पाचर मारा, जन्मभर सुटणार नाही.

गुण्या: रविवारपर्यंत नवख्या हाताने चार पायांचे कुसू? शिवाय पावसाळ्यानंतर लाकूड आकसलं की बोल्ट पान्याने आवळता येतो. आणखी एक. टॉप फेव्हिकॉलने आडव्या पट्ट्यांना चिकटवलाय का? 2 फूट रुंदी पावसात फुगते, तिला हलायला जागा हवी. पट्टीतली भोकं लांबट करून खालून स्क्रू मारा, नाहीतर फळी तडकेल.

हातोडी_ठाणे: ड्रिल कुठलं चांगलं? मलाही घ्यायचंय.

नवशिका_पुणे: पुढची फळी काल बोल्टने बसवली, निम्मं हलणं गेलं! प्लाय आज आणतो. टॉप मात्र चिकटवलेलाच आहे. पटाशीने सुटेल का?

गुण्या: फेव्हिकॉल साधा की मरीन (पाण्यात टिकणारा)? साधा असेल तर इस्त्री फिरवून गरम केल्यावर सुटायची शक्यता आहे. पटाशी घालायच्या आधी सांगा.