मार्नर गेला, आता आपल्या झोनमधून पक बाहेर कोण काढणार?

थंडीतला_कोल्हापूरकर (ब्रॅम्पटन)

नमस्कार मंडळी. हे २०२५ च्या उन्हाळ्यात लिहितोय. प्रश्न आईस हॉकीतल्या टोरांटो मेपल लीफ्सच्या संघाबद्दल आहे. पण मी कुठल्या नजरेनं खेळ बघतो ते आधी सांगतो.

२००७ साली इकडं आलो. त्याआधी माझा खेळ म्हणजे शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल. पाटाकडील आणि दिलबहारची गाठ पडणार असली की दोन दिवस आधीपासून पेठेत कोण कुठं खेळणार यावर वाद चालायचा. इथं आल्यावर आईस हॉकी काही कळेना. पक (ती काळी रबरी चकती) दिसायचाच नाही, आणि इंग्रजी कॉमेंट्रीचा वेगही झेपायचा नाही. गोदामात माझ्याबरोबर एक पंजाबी भाऊ होता. तो शनिवारी रात्री घरी बोलवायचा आणि पंजाबी कॉमेंट्री लावायचा. हरनारायण सिंग यांच्या आवाजात मला आइसिंग आणि ऑफसाइड हे नियम समजले. तेव्हापासून मी लीफ्सचा. २०१३ साली बाद फेरीत, बॉस्टनमधल्या निर्णायक सातव्या सामन्यात शेवटच्या पिरियडमध्ये ४-१ नं पुढं असूनही आपण हरलो, ती रात्र त्याच घरात काढली.

आता मूळ मुद्दा. आपला विंगर (कडेनं खेळणारा फॉरवर्ड) मिच मार्नर गेला. आठ वर्षांचा करार, वर्षाला १ कोटी २० लाख डॉलर. तेव्हाच्या नियमानं आठवं वर्ष फक्त स्वतःचाच संघ देऊ शकत होता, म्हणून आपण सही घेतली आणि लगेच व्हेगासला पाठवला. बदल्यात निकोलस रॉय आला. सगळीकडं चर्चा एकच, आपला मुख्य गोल करणारा मॅथ्यूज, त्याच्या उजव्या बाजूला आता कोण? मला ती चर्चा अर्धवट वाटते.

माझा धाकटा अकरा वर्षांचा आहे, हाऊस लीगमध्ये डिफेन्सला खेळतो. शनिवारी सकाळी साडेसहाला रिंकवर काचेला नाक लावून मी उभा असतो. त्याचा कोच एकाच गोष्टीसाठी ओरडतो, पहिला पास. पक आपल्या जाळ्यामागं आला, अंगावर समोरचा धावून येतोय, तेव्हा मान वर करून आपल्या माणसाच्या स्टिकवर पास द्यायचा. नुसता काचेवरून भिरकावला तर दहा सेकंदांत तो परत आपल्याच अंगावर येतो. हे दोन वर्षं ऐकतोय, आणि आता लीफ्सचा सामना बघताना दुसरं काही दिसत नाही.

मार्नरचे मागच्या मोसमात (२०२४-२५) १०२ गुण होते, २७ गोल आणि ७५ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास). ते आकडे सगळ्यांना पाठ आहेत. पण तो विंगर असून पार आपल्या गोलजवळ खाली यायचा, डिफेन्समनच्या हातातून पक घ्यायचा आणि मधल्या पट्ट्यातून वर न्यायचा. पेनल्टी किलवर (शिक्षेमुळं आपला माणूस कमी असताना) तो, पॉवर प्लेवर (समोरच्यांचा कमी असताना) तो. २०२३ मध्ये सेल्की पुरस्काराच्या (बचावात सर्वोत्तम फॉरवर्डला मिळतो) अंतिम तिघांत विंगर असून त्याचं नाव होतं, ते उगीच नाही. आपल्या डिफेन्सच्या अंगी जो पास नाही, तो मार्नर भरून काढत होता.

डिफेन्सवर कोण आहे बघा. टॅनेव्ह, मकेब, कार्लो, बेन्वा. चौघंही अंगानं दणकट, शॉट अडवायला पुढं होणारे. टॅनेव्ह ज्या पद्धतीनं पकसमोर अंग टाकतो त्याला मी हात जोडतो. पण पक बाहेर काढणारा म्हणावा असा फक्त रायली आणि थोडाफार एकमन-लार्सन. रायलीचे गुण एका मोसमात ५८ वरून ४१ वर आले. फ्लोरिडानं मे महिन्यात बाद फेरीत नेमकं हेच हेरलं. दोघं पुढं घुसवायचे, आपल्या डिफेन्समनला भिंतीशी दाबायचं, घाईत भिरकावलेला पक तिसऱ्यानं ब्लू लाईनवर (आपल्या टोकाच्या झोनची हद्द) उचलायचा. मार्शांड, लुंडेल आणि लुओस्टारिनेन ही त्यांची तिसरी लाईन (एकत्र खेळणारे तीन फॉरवर्ड). त्या तिसऱ्या लाईननं आपल्याला आपल्याच झोनमध्ये कोंडून ठेवलं. पाचवा आणि सातवा सामना, दोन्ही आपल्या घरी, दोन्ही १-६.

तर प्रश्न असा. मॅकेली, रॉय आणि जोशुआ असे तीन फॉरवर्ड आपण उन्हाळ्यात आणले. डिफेन्स जसाच्या तसा आहे. मार्नर नसताना या डिफेन्सकडून पक बाहेर निघणार कसा? की मी चुकीच्या जागी बघतोय? मनापासून विचारतोय, सांगा.


कॅलगरीकर

दादा, डिफेन्सचं निदान पटलं. पण मार्नर जाणं हे नुकसान आहे हे मला मान्य नाही. मी ओळीनं बाद फेरीतले सातवे सामने मांडतो. २०१८ बॉस्टन, २०१९ बॉस्टन, २०२१ मॉन्ट्रियल, २०२२ टॅम्पा, २०२४ बॉस्टन, २०२५ फ्लोरिडा. सहाच्या सहा हरले. त्यातल्या पाच सामन्यांत लीफ्सचा गोल किती? प्रत्येकी एक. मॅथ्यूज, मार्नर, नायलँडर हे तिघं सहाही वर्षं संघात होते, आणि टावारेस २०१८ च्या उन्हाळ्यापासून.

पैशाचं बघा. २०१९-२० ला कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) होती ८ कोटी १५ लाख, आणि या चौघांचे मिळून ४ कोटींच्या वर. निम्मी कॅप चार जणांत! त्यानंतर कोविडची साथ आली आणि कॅप पुढचे दोन मोसम तिथंच गोठली. कॅप वाढत जाईल या हिशेबावर केलेले ते करार होते. उरलेल्या निम्म्यात सोळा-सतरा खेळाडू बसवायचे म्हणजे तिसऱ्या-चौथ्या लाईनला दरवर्षी किमान पगारावरची नवी माणसं. तुम्ही मार्शांडच्या लाईनचं म्हणालात. तशी तिसरी लाईन बांधायला लीफ्सकडं पैसाच नव्हता.

आता मॅथ्यूज १ कोटी ३२ लाख ५० हजार, नायलँडर १ कोटी १५ लाख, नाइज ७७ लाख ५० हजार, आणि टावारेस अवघ्या ४४ लाखांच्या आसपास परत आला. २०२५-२६ ला कॅप ९ कोटी ५५ लाख झाली. चौघांचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आत. टावारेसनं मागच्या मोसमात ३८ गोल केलेत, हे विसरू नका. मिसिसागात जन्मलेल्या, ओकव्हिलमध्ये वाढलेल्या त्या माणसानं घरी राहण्यासाठी जे सोडलं ते मला फार मोठं वाटतं.

फक्त एक भीती आहे, ती आमच्या कॅलगरी फ्लेम्सच्या अनुभवातून. २०२२ च्या उन्हाळ्यात आमचा जॉनी गोद्रो (आज तो हयात नाही, अजून विश्वास बसत नाही) फ्री एजंट (करार संपून मोकळा झालेला) म्हणून गेला, बदल्यात काही मिळालं नाही. पाठोपाठ मॅथ्यू टकाचक फ्लोरिडाला द्यावा लागला. आलेल्या ह्युबरडोला लगेच आठ वर्षं, वर्षाला १ कोटी ५ लाख. फ्लोरिडात त्याचे ११५ गुण होते, आमच्याकडं पहिल्या मोसमात ५५. रिकामी खुर्ची लगेच भरायची घाई झाली की असं होतं. तेव्हा आमचा जनरल मॅनेजर ट्रेलिव्हिंग होता आणि या २०२५ च्या उन्हाळ्यात तोच तुमचा. यावेळी त्यानं ती घाई केलेली नाही. मला हे शहाणपण दिसतं.


गोलीची_आई (मिसिसागा)

तुम्ही दोघं पुढच्या माणसांवर आणि पैशावर बोलताय, मी मागून बोलते. माझी मुलगी तेरा वर्षांची, गोली (गोलकीपर) आहे. तिचे पॅड मीच बांधते, त्यामुळं माझं लक्ष जाळ्यातच असतं.

आपला गोली स्टोलार्झ, त्याची सेव्हची टक्केवारी मागच्या मोसमात .९२६ होती, लीगमध्ये पहिली. वर्षाला २५ लाखांत! फ्लोरिडाविरुद्ध पहिल्याच सामन्यात बेनेटचं कोपर त्याच्या डोक्याला लागलं आणि तो बाहेर गेला. बेनेटला साधी पेनल्टीसुद्धा नाही. तो सामना आपण जिंकलो, दुसराही जिंकलो, म्हणून ते मागं पडलं. पण नंतरच्या पाचांत चार हरलो. त्याच्या जागी आलेल्या वोलनं सहावा सामना फ्लोरिडात जाऊन २-० असा शून्यावर राखला, त्याला मी बोल लावणार नाही. पण वोल खोल बसून खेळतो, स्टोलार्झ सहा फूट सहा इंचांचा, नुसता उभा राहिला तरी जाळं झाकतं. डिफेन्सची सवय त्या उंच माणसाला जुळलेली असते. लांबून शॉट घेऊ द्यायचा, समोरची गर्दी हटवायची, बास. मधेच गोली बदलला की ती सवय मोडते. माझ्या मुलीच्या संघात दोन गोली आलटूनपालटून खेळतात, तेव्हा मुली कुठं उभ्या राहतात ते बदलताना मला दरवेळी दिसतं.

कोल्हापूरकर, तुमच्या पहिल्या पासाच्या मुद्द्यात एक भर घालते. पहिला पास कधी कधी गोलीही देतो. जाळ्यामागं थांबवलेला पक डिफेन्समनच्या स्टिकवर कसा ठेवला, यावर पुढचं सगळं ठरतं. आपल्या दोघांचंही ते बलस्थान नाही. तुम्हाला भिंतीशी दाबलेला रायली दिसतो ना, त्याच्या आधीचे दोन सेकंद बघा.


पहाटे_साडेचार (पुणे)

मी इथून बघतो. मे महिन्यात तुमच्या संध्याकाळी सातला सामना सुरू होतो तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेचार. सातवा सामना सोमवारी पहाटे होता, १-६ बघून तसाच ऑफिसला गेलो. दोन वर्षं टोरांटोत शिकायला होतो, तिथं लागलेली गोडी आहे.

माझं म्हणणं थोडक्यात. ईस्टन कोवनचं नाव कोणी घेतलं नाही. लीफ्सनं २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (तरुण खेळाडूंची निवड) पहिल्या फेरीत घेतलेला. यंदा लंडन नाइट्स या त्याच्या ज्युनियर संघानं मेमोरियल कप (कॅनडातली मोठी ज्युनियर स्पर्धा) जिंकला, त्यात सर्वोत्तम खेळाडू तोच. पाय थांबत नाहीत त्याचे. पक घेऊन वर जायचं काम तो करू शकतो. आणि मॅकेलीला लगेच मोडीत काढू नका. ॲरिझोनात २०२३-२४ ला त्याचे ५७ गुण होते, त्यातले ४० असिस्ट. मागच्या मोसमात यूटात ५५ सामन्यांत १८ वर घसरला, बाहेरही बसवलं. मूळचा खेळाडू पास देणाराच आहे. एका वर्षात नजर जात नाही कुणाची. मॅथ्यूजसारखा नेमबाज शेजारी मिळाला तर?


थंडीतला_कोल्हापूरकर

तिघांचंही वाचलं, दोनदा वाचलं.

कॅलगरीकर, सहा सामन्यांचा हिशेब वाचून गप्प झालो. एकेक सामना वेगळा आठवत होता, एका ओळीत कधी मांडला नव्हता. पाच सामने, पाच गोल. याला उत्तर नाही. तरी एवढं म्हणतो की ते पाच गोल एकट्या मार्नरच्या माथी मारू नका. मॅथ्यूजनं त्या ओळीतल्या सामन्यांत काय केलं हेही विचारावं लागेल, आणि तो आता कॅप्टन आहे. मागच्या मोसमात दुखापत अंगावर काढत ६७ सामन्यांत ३३ गोल. त्याआधीच्या मोसमात ६९. संघाचं खरं माप या दोन आकड्यांच्या मधे कुठंतरी ठरणार आहे. तो बरा असेल तर उजव्या बाजूला कोणी का असेना, गोल होतील.

टावारेसबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पोरं त्याच्या नावाचा ९१ नंबर घालून येतात रिंकवर, आमच्या धाकट्याच्या संघात दोघं आहेत.

ताई, जाळ्यामागच्या दोन सेकंदांचं माझ्या खरंच लक्षात आलं नव्हतं. काल रात्री पाचव्या सामन्याचा पहिला पिरियड परत लावला. तुम्ही म्हणता तसंच आहे. पक जाळ्यामागं नीट थांबतच नाही, रायली येतो तेव्हा तो अजून भिंतीला लागून घरंगळत असतो, आणि तोवर समोरचा पोचलेला असतो. मी सगळा दोष डिफेन्सला देत होतो.

पुणेकर, मॅकेलीवर मी तुमच्याइतका विश्वास ठेवायला तयार नाही. अंगानं लहान आहे, आणि आपल्या कोचचा, बेरूबीचा खेळ भिंतीवर झटापट करून पक मिळवायचा. २०१९ ला सेंट लुईसला स्टॅन्ली कप त्यानं तसाच जिंकून दिला. पण पॉवर प्लेवर मार्नरची जागा मॅकेली घेऊ शकेल, तिथं मोकळी जागा असते. कोवनला मात्र मी थेट तिसऱ्या लाईनवर रॉयबरोबर बघतो. रॉय सहा फूट चार इंचांचा सेंटर, व्हेगासबरोबर २०२३ चा कप जिंकलेला, मधला पट्टा सांभाळून राहणारा. पोराला शेजारी असा शांत माणूस हवा.

माझ्या मते लाईनी अशा लागाव्यात. नाइज, मॅथ्यूज आणि उजवीकडं नायलँडर. नायलँडरनं ४५ गोल केलेत, शिवाय पक घेऊन मधून जायचं मार्नरचं काम करू शकेल असा तोच एक उरलाय. त्याला खाली यायला लावा. दुसरी मकमन, टावारेस, मॅकेली. तिसरी जोशुआ, रॉय, कोवन. चौथी लॉटन आणि लोरेंट्झ यांच्याभोवती, पेनल्टी किल त्यांच्याकडं. डिफेन्सला रायलीशेजारी कार्लोच ठेवा, पण पक नेहमी रायलीच्या बाजूला वळवा. आणि खेळाडूंच्या अदलाबदलीच्या डेडलाईनपर्यंत कॅपमधली जागा राखून एक पास देणारा डिफेन्समन शोधा. कॅलगरीकर म्हणतात तशी घाई नको, पण शोध हवा.

ऑक्टोबरात मॉन्ट्रियलविरुद्ध पहिला सामना आहे. मी आणि धाकटा वही घेऊन बसणार आहोत. रायली आणि कार्लोची प्रत्येक शिफ्ट (बर्फावरची पाळी) लिहायची, पक मिळाल्यावर पास दिला की काचेवरून भिरकावला. ताईंनी सांगितलं म्हणून तिसरा रकाना आखलाय, जाळ्यामागं पक गोलीनं थांबवला का नाही. पोरानं रेघा मारूनसुद्धा ठेवल्यात. दहा सामने झाले की इथंच आणून मांडतो.